छापील ट्रान्झिस्टरचं सांध्याचं दुखणं

पातळथर (धागालेखक)

घडीच्या फोनवरच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, "वर्तमानपत्रासारखी सर्किटं छापणार होतात ना तुम्ही लोक, त्याचं पुढे काय झालं?" तिथे उत्तर लिहायला घेतलं तोवर चर्चा राजकारणाकडे वळली होती. म्हणून हा वेगळा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. पॉलिमरमधून वीज चांगली वाहू शकते हे हीगर, मॅकडायरमिड आणि शिराकावा यांनी १९७७ मध्ये दाखवलं. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी केंब्रिजमध्ये सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी इंकजेटने अख्खे पॉलिमरचे ट्रान्झिस्टर छापले. सोर्स आणि ड्रेन (करंट आत शिरतो आणि बाहेर पडतो ती टोकं, मधला भाग म्हणजे चॅनेल) यांच्यातलं अंतर ५ मायक्रॉन. इंकजेटचा थेंब इतका नेमका पडत नाही. म्हणून त्यांनी आधी काचेवर पाणी झिडकारणारी पॉलिइमाइडची बारीक पट्टी आखून घेतली, आणि पाण्यातली शाई त्या पट्टीच्या दोन्ही अंगांना आपली आपण सरकली. त्या वेळी मोबिलिटी, म्हणजे आवेश किती चपळाईने सरकतात त्याचं माप, ०.०२ होती (एकक सगळीकडे चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद, पुन्हा लिहीत नाही). आज चांगले सेंद्रिय (कार्बनी) अर्धवाहक १ ते १० च्या पट्ट्यात आहेत. टीव्हीच्या पडद्यामागे वर्षानुवर्षं राबलेलं अमॉर्फस सिलिकॉन १ च्या आसपास घुटमळतं. म्हणजे कागदावर आपण कधीच पुढे गेलोय.

मग अडलं कुठे? माझ्या मते सांध्यात. धातू आणि अर्धवाहक जिथे भेटतात तिथे. नवा रेणू, नवा विक्रम, नवा पेपर हे चक्र चालूच असतं. सांध्यावर काम करणाऱ्याला मात्र कुणी मुखपृष्ठावर घेत नाही.

आकड्यांत दाखवतो. समजा मोबिलिटी २ आहे, छापलेल्या डायलेक्ट्रिकची (गेट आणि चॅनेलमधला वीजरोधक थर) धारिता दर चौ. सेंमीला १० नॅनोफॅरड (साधारण ३०० नॅनोमीटर जाडीचा पॉलिमर), आणि गेटवर, म्हणजे चॅनेल उघडबंद करणाऱ्या टोकावर, थ्रेशोल्डच्या (चॅनेल उघडायला लागणाऱ्या व्होल्टेजच्या) वर २० व्होल्ट. चॅनेलचा रोध दर चौकोनाला २५ लाख ओहम येतो. चॅनेल १०० मायक्रॉन लांब असेल तर रुंदीने गुणलेला रोध २५,००० ओहम-सेंमी, १० मायक्रॉन असेल तर २,५००. आता दोन्ही टोकांचे कॉन्टॅक्ट (तेच धातूचे सांधे) मिळून २०,००० ओहम-सेंमी धरा. उपचार न केलेल्या छापील चांदीसाठी हा आकडा अजिबात अतिशयोक्त नाही.

१०० मायक्रॉनच्या चॅनेलवर मोजाल तर मोबिलिटी १.१ दिसेल. वाईट नाही. पण सर्किट वेगवान करायचं म्हणून चॅनेल १० मायक्रॉनवर आणलं की तीच मोबिलिटी ०.२२ दिसते. मटेरियल तेच, शाई तीच.

आता दोन माणसं हे सुधारायला बसली. पहिल्याने पाचपट चांगला रेणू आणला, मोबिलिटी १०. एकूण रोध २२,५०० वरून २०,५०० झाला, करंट जेमतेम दहा टक्के वाढला. दुसऱ्याने रेणूला हात लावला नाही, कॉन्टॅक्ट २०,००० वरून १,००० वर आणला. एकूण रोध ३,५००, करंट सहापटीहून जास्त. आपल्याकडचं संशोधनाचं पाणी बहुतेक पहिल्याच्या शेतात जातं.

यावर काम केलेल्या, किंवा नुसतं छपाईचं काम जाणणाऱ्या लोकांनीही लिहावं.

---

निशिगंधा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. पण "सांधा" म्हणताना तुम्ही फक्त धातूचाच सांधा धरलाय. दुसरा सांधा अर्धवाहक आणि डायलेक्ट्रिकमधला. आवेश वाहतात ते तिथेच, पहिल्या दोन-चार नॅनोमीटरमध्ये. त्यावर लिहिते, आधी कुकर उतरवून येते.

---

नवशिकी

मी कोल्हापूरला एम.एस्सी. करतेय, थिन फिल्मवर प्रोजेक्ट आहे. प्रश्न बाळबोध असेल तर सांगा. पुस्तकात सोन्याचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट दिलंय. बऱ्याच पॉलिमरची होलची (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेची, जी धन आवेशासारखी वाहते) ऊर्जापातळी ५.१-५.२ च्या आसपास. दोन्ही जुळतात, मग अडथळा उरतोच कुठे? सोनं लावलं की झालं ना?

---

पातळथर

@नवशिकी, प्रश्न बाळबोध नाही. बरेच जण इथेच फसतात.

पुस्तकातलं ५.१ हे अति-निर्वातात घासूनपुसून स्वच्छ केलेल्या सोन्याचं. हवेत आलेल्या सोन्यावर हायड्रोकार्बनचा थर लगेच बसतो आणि वर्क फंक्शन ४.७ च्या घरात येतं. समजा सोनं अगदी स्वच्छ ठेवलंत, तरी त्यावर सेंद्रिय रेणू येऊन बसले की धातूबाहेर डोकावणारा इलेक्ट्रॉनांचा ढग ते आत दाबतात. त्यानेही वर्क फंक्शन अर्धा ते एक इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली येऊ शकतं. दोन्ही वाटांनी तोटाच. त्यामुळे दोन पुस्तकांतले दोन आकडे शेजारी मांडून "जुळलं" म्हणता येत नाही. पत्रिका जुळली तरी संसार दोघांनी एका घरात राहायला लागल्यावर कळतो, तसं आहे हे.

पातळ्यांशिवाय अजून दोन कारणं. एक, धातूच्या कडेला अर्धवाहकाचे स्फटिक नीट वाढत नाहीत. चॅनेलमध्ये मोठे सुबक कण, आणि नेमके कडेला, जिथून आवेश आत शिरणार तिथे, बारीक कणांचा चुरा. चुरा म्हणजे ट्रॅप, आवेश अडकून पडायचे खड्डे. दोन, रचना. गेट एका बाजूला आणि सोर्स-ड्रेन अर्धवाहकाच्या दुसऱ्या बाजूला असतील, तर आवेशाला अर्धवाहकाची पूर्ण जाडी आडवी ओलांडून चॅनेलपर्यंत यावं लागतं. त्या दिशेने वाहणं बहुतेक सेंद्रिय फिल्ममध्ये अवघड. पण त्या रचनेत शिरकावाला मोठं क्षेत्रफळ मिळतं, म्हणून एकूण हिशोबात ती बऱ्याचदा बरी पडते. धातू आणि चॅनेल एकाच पातळीवर असलेल्या रचनेत शिरकाव एका अरुंद कडेतून. तिथे ऊर्जापातळ्या जुळवल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि छपाईत सोनं कोण वापरतंय? खर्च सोडा, छापतात ती चांदी. तिचं वर्क फंक्शन आणखी खाली.

---

भोसरीकर मेशवाला

मी शिकलेला माणूस नाही या विषयातला, पण चांदीची पेस्ट बावीस वर्षं छापतोय. मेम्ब्रेन कीपॅड, मशीनच्या पॅनेलवर असतात ते. पॉलिएस्टर शीट, त्यावर सिल्व्हर पेस्ट, टनेल ड्रायरमधून क्युअर. वाचताना जाणवलं की तुमचं दुखणं आणि आमचं दुखणं वेगळं नाही, फक्त तुम्ही मायक्रॉन बोलता आणि आम्ही मिलिमीटर.

काही गोष्टी आमच्याकडून:

नुसती चांदी उघडी ठेवायची नाही. काळी पडते ती एक गोष्ट, पण दमट हवेत दोन ट्रॅकमध्ये व्होल्टेज असलं की चांदी एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे झाडाच्या मुळांसारखी वाढत जाते आणि शॉर्ट करते. म्हणून कनेक्टरमध्ये जाणाऱ्या टेलवर आम्ही चांदीवर कार्बनचा थर मारतो. तुमचं १० मायक्रॉनचं अंतर ऐकून मला तर धडकीच भरली.

शीट आधी भाजून घ्यायची. कोरी पॉलिएस्टर पहिल्यांदा गरम झाली की आक्रसते. पहिला रंग बसला, ड्रायरमधून आली, दुसऱ्या रंगाचं रजिस्ट्रेशन (पहिल्यावर नेमकं बसणं) गेलं. म्हणून छापायच्या आधीच ओव्हनमधून काढतो.

आणि चिकटण्याची परीक्षा. ब्लेडने चौकड्या आखून टेप लावायची, ओढायची. टेपवर चांदी आली तर लॉट बाद. तुम्ही लोक ही टेस्ट करता का? की प्रयोगशाळेत छान दिसलं म्हणजे झालं?

---

पातळथर

@भोसरीकर मेशवाला, दंडवत. सगळे मुद्दे लागू पडतात. टेप टेस्ट पेपरात क्वचित दिसते, दिसायला हवी.

चांदीच्या शाईची आणखी एक गंमत. इंकजेटसाठी चांदीचे नॅनोकण असतात. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर सेंद्रिय रेणूंचं आवरण असतं. १२० ते १५० अंशांवर तापवलं की आवरण बरंचसं निघतं, कण एकमेकांत मिसळतात. पण साधं पीईटी (तुमचं पॉलिएस्टर) ७०-८० अंशांनाच मऊ पडू लागतं. हीट-स्टॅबिलाइझ्ड फिल्म १५० पर्यंत कशीबशी नेता येते, पीईएन हे त्याच्याच जातीचं प्लास्टिक जरा बरं, पॉलिइमाइड ३०० च्या वरही टिकतं, पण ते पिवळं आणि महाग. त्यामुळे स्वस्त फिल्मवर आवरणाचा काही अंश चांदीवर उरतोच, आणि तो नेमका अर्धवाहकाच्या वाटेत. मल्टीमीटरने ट्रॅकचा रोध उत्तम दिसतो, कारण चांदी चांदीला भेटलेली असते. वरच्या पृष्ठभागाचं काय झालंय ते मल्टीमीटरला दिसत नाही.

यावरचा छपाईला मानवणारा उपाय म्हणजे पेंटाफ्लुओरोबेंझिनथायॉल. थायॉलचं टोक चांदीला किंवा सोन्याला घट्ट धरतं, फ्लोरिनचं टोक वर उभं राहतं, एकाच रेणूची जाडी. इथेनॉलमधल्या पातळ द्रावणात काही मिनिटं बुडवायचं, धुवायचं, वाळवायचं. चांदीचं वर्क फंक्शन पाचाच्या वर जातं. २००८ मध्ये गंडलॅक आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिनयुक्त ॲसीन जातीच्या अर्धवाहकावर दाखवलं की यात दुहेरी लाभ आहे: पातळी जुळतेच, शिवाय त्या उपचारित कडेपासून मोठे स्फटिक वाढून चॅनेलमध्ये पसरतात. म्हणजे वर लिहिलेल्या तीन कारणांपैकी दोन एका बुडवणीत.

अडचणी अर्थात आहेत. वास भयंकर, फ्यूम हूडशिवाय नको. चांदी द्रावणात जास्त वेळ राहिली तर पृष्ठभाग बिघडतो. आणि फ्लोरिनच्या थरावरून पुढची शाई घसरते, डबक्यांसारखी गोळा होते. मग सॉल्व्हंट बदला, प्लेट तापवा, वेग बदला...

---

ओहमकाका

वा. पण धागालेखकांनी २०,००० ओहम-सेंमी हा आकडा "धरा" म्हणून टाकलाय. तो मोजतात कसा यावर कोणी बोलत नाही, आणि खरी बोंब तिथे आहे. आयुष्य मोजमापात गेलंय, त्यामुळे थोडं लांबेल. सहन करा.

प्रचलित पद्धत अशी. रुंदी तीच ठेवून वेगवेगळ्या लांबीचे चॅनेल छापायचे. प्रत्येकाचा एकूण रोध मोजायचा, लांबीच्या विरुद्ध आलेखावर मांडायचा, रेघ मागे वाढवून शून्य लांबीवर आणायची. तिथे उरलेला रोध कॉन्टॅक्टचा. ऐकायला सोपं. आता खोड्या.

पहिली: शाई पसरते. डिझाइनमध्ये ४० मायक्रॉन लिहिलेलं अंतर फिल्मवर ३२ निघतं. आलेखावर डिझाइनची लांबी टाकली की कॉन्टॅक्टचं उत्तर सरळसरळ खोटं. प्रत्येक चॅनेल मायक्रोस्कोपखाली मोजायचा, तोही दोन-तीन ठिकाणी, कारण छापील कड सरळ नसते.

दुसरी: प्रत्येक ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड वेगळं. सगळ्यांना सरसकट २० व्होल्ट गेट देऊन तुलना केली तर चॅनेलच वेगवेगळे उघडलेले असतात. थ्रेशोल्ड वजा करून समान ओव्हरड्राइव्हवर तुलना करा.

तिसरी: छापील नमुन्यांत एका ट्रान्झिस्टरपासून दुसऱ्यात इतका फरक असतो की रेघ मागे नेल्यावर कॉन्टॅक्ट रोध उणे येऊ शकतो. उणे रोध आला की लोक तो नमुना "आउटलायर" म्हणून वगळतात. वगळू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या छपाईतला विखुरलेपणा तुमच्या उत्तरापेक्षा मोठा आहे. दर लांबीचे भरपूर नमुने घ्या आणि त्रुटीपट्टी छापा.

चौथी, सगळ्यात लबाड: ट्रान्सफर आलेखात (गेट व्होल्टेजच्या विरुद्ध करंट) मध्येच वळण. आधी उतार तीव्र, मग सपाट. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप-मानकांच्या संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की वाढत्या गेट व्होल्टेजला कॉन्टॅक्टचा रोधही झपाट्याने कोसळतो, आणि त्या तीव्र भागाचा उतार धरून मोबिलिटी काढली तर उत्तर दहापट किंवा त्याहून जास्त फुगतं. त्याच वर्षी इतरांनीही सूचना दिली की अशा वळणांपासून सावध राहा. म्हणजे बघा, वाईट कॉन्टॅक्टमुळे मोबिलिटी कमी दिसते असं धागालेखक म्हणतात ते खरं, पण वाईट कॉन्टॅक्टमुळे मोबिलिटी खोटी जास्तही दिसू शकते. गेल्या दशकातल्या काही विक्रमी आकड्यांकडे मी तेव्हापासून तिरक्या नजरेने बघतो.

---

शंकासूर

सगळं ठीक. पण मूळ प्रश्नालाच बगल दिलीत. हे सगळं करायचं कशाला? २०२१ मध्ये आर्म आणि प्रॅगमॅटिक या कंपन्यांनी पॉलिइमाइडच्या फिल्मवर ३२-बिट प्रोसेसर करून दाखवला, अठरा हजारांवर लॉजिक गेट. इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडवर. सेंद्रिय नाही, छापीलही नाही, नेहमीची फोटोलिथोग्राफी. लवचीक पाहिजे ना? मिळालं. आणि जिथे स्वस्त पाहिजे तिथे सिलिकॉनचा कणभर चिप फिल्मवर चिकटवा, भोसरीकर ट्रॅक छापून देतील. सांध्याला मलम कशाला लावताय, पेशंट आहे तरी का?

---

पातळथर

@शंकासूर, लॉजिकपुरतं म्हणाल तर मान्य. छापील सेंद्रिय प्रोसेसर येतोय असं मी म्हणणार नाही. पण ऑक्साइडवाल्यांकडे एन-टाइप (इलेक्ट्रॉन वाहणारा) चांगला आहे, तोलामोलाचा पी-टाइप (होल वाहणारा) नाही. म्हणून एकाच जातीच्या ट्रान्झिस्टरवर सर्किट बांधावं लागतं आणि वीज वाया जाते. पी-टाइप ही सेंद्रियांची जुनी ताकद. शिवाय मोठ्या क्षेत्रफळाचे सेन्सर, त्वचेवर चिकटणारे इलेक्ट्रोड, सौर पट्ट्या, इथे कमी तापमानात छापता येणं हाच मुद्दा आहे.

आणि सांधा सुधारला की काय होतं याचं उदाहरण आहे. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या क्लाउक यांच्या गटाने २०२० मध्ये पीईएन फिल्मवर कॉन्टॅक्ट रोध १० ओहम-सेंमी इतका खाली आणला. माझ्या उदाहरणातल्या २०,००० शी ताडून बघा. ३ व्होल्टवर २१ मेगाहर्ट्झ मिळाले. वर सांगितलेला तोच फ्लोरिनचा थायॉल, सोन्यावर. प्रामाणिकपणे सांगायचं तर ते छापील नाही. निर्वातात, सिलिकॉनच्या बारीक स्टेन्सिलमधून. पण मर्यादा रेणूत नव्हती हे त्याने सिद्ध झालं.

---

शंकासूर

म्हणजे निर्वातात जमतं, छपाईत नाही. माझाच मुद्दा झाला की.

---

एल्बकाठची

ड्रेस्डेनहून रामराम. उशिरा आले, सगळं वाचून काढलं. शंकासूरांचं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी लिहितेय.

तुमच्या खिशातल्या ओएलईडी पडद्यात सांध्याचं दुखणं केव्हाच सुटलंय. कसं? धातूशेजारचा थर मुद्दाम भरपूर डोप करून, म्हणजे आवेश वाढवणारी भेसळ मिसळून. डोपिंग वाढलं की अडथळ्याची उंची तीच राहते पण रुंदी इतकी कमी होते की आवेश आरपार बोगदा काढून जातो. इथल्या विद्यापीठात त्यावर पायाभूत काम झालं, त्यातून नोव्हालेड ही कंपनी निघाली, २०१३ मध्ये सॅमसंगने घेतली. हेलियाटेक या इथल्याच कंपनीच्या सौर फिल्मसुद्धा निर्वातात बनतात. निर्वातात एकावर एक थर टाकताना खालचा थर विरघळत नाही, म्हणून हे ऐश्वर्य.

छपाईत प्रत्येक नवी शाई खालच्या थराला विरघळवायला टपलेली. त्यामुळे थरागणिक सॉल्व्हंट असा निवडायचा की शेजाऱ्याला तो चालणार नाही. पाण्यातलं, मग क्लोरीनयुक्त, मग अल्कोहोल. आणि छपाईत डोपंट जागेवर राहत नाही, फिल्ममधून भटकत चॅनेलमध्ये शिरतो. मग ट्रान्झिस्टर बंदच होत नाही.

पण छपाईलाही तिची स्वतःची युक्ती सापडली आहे. २०१२ मध्ये जॉर्जिया टेकच्या किपेलन गटातल्या झोऊ आणि सहकाऱ्यांनी पीईआयई नावाचा अमाइनयुक्त पॉलिमर वापरला. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळतो, हवेत लावता येतो, थर १ ते १० नॅनोमीटर. तो स्वतः वीज वाहत नाही, म्हणून जाड झाला की खेळ खलास. पण पातळ ठेवला तर कुठल्याही इलेक्ट्रोडचं वर्क फंक्शन एक इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास खाली येतं, आयटीओ (पारदर्शक वाहक ऑक्साइड) असो, चांदी असो की पेडॉट (वाहक पॉलिमर). त्याआधी सौर पट्टीत इलेक्ट्रॉन गोळा करायला कॅल्शियमसारखे हवेत क्षणात खराब होणारे धातू लागायचे. ते संपलं.

त्यातही मेख निघालीच. आता सौर पट्ट्यांत फुलरीनऐवजी (कार्बनचा चेंडूसारखा रेणू) नवे ॲक्सेप्टर, म्हणजे इलेक्ट्रॉन झेलणारे, रेणू आलेत, त्यांच्यात एक कार्बन-कार्बन दुहेरी बंध कमजोर असतो. पीईआयईचं अमाइन नेमकं तिथे हल्ला करतं आणि रेणू तुटतो. झिंक ऑक्साइड घ्यावं तर उन्हातल्या अतिनीलाने तेही तोच बंध कुरतडतं. मग अमाइनला प्रोटॉन देऊन किंवा झिंकने बांधून शांत करायचं. इंटरफेसवरचं औषध दर नव्या रेणूबरोबर बदलावं लागतं, हे पातळथर यांनी लिहायला हवं होतं. रेणूवाले आणि सांधेवाले अशी फाळणी फार काळ टिकत नाही.

---

निशिगंधा

आले. एल्बकाठची, +१. माझं डायलेक्ट्रिकचं राहिलंय.

बरीच वर्षं समज होता की बहुतेक सेंद्रिय अर्धवाहक फक्त होल वाहतात, इलेक्ट्रॉन नाही. २००५ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलं की दोष रेणूंचा नाही. सिलिकॉन डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, ते इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. हायड्रॉक्सिल नसलेला पॉलिमर मध्ये घातला आणि तेच रेणू इलेक्ट्रॉनही वाहू लागले. इतकी वर्षं रेणूला नावं ठेवली, आणि दुखणं शेजारच्या भिंतीत होतं!

छपाईत हे जास्त सतावतं. उदा. पीव्हीपी (पॉलिव्हिनाइलफिनॉल) हे छापायला सोपं डायलेक्ट्रिक, पण ते हायड्रॉक्सिलने भरलेलं. क्रॉसलिंक करूनही काही उरतात, पाणी ओढतात, आणि व्होल्टेज वाढवताना आलेखाची एक वाट, उतरवताना दुसरी. दुसऱ्या टोकाला सायटॉपसारखा फ्लोरोपॉलिमर: ट्रॅप जवळजवळ नाहीत, पाणी जवळ येत नाही, पण त्यावर कुठलीच शाई बसत नाही. म्हणून तो बऱ्याचदा अर्धवाहकाच्या वर टाकतात, गेट सगळ्यात वर. एका दगडात दोन पक्षी, कारण तोच थर अर्धवाहकाला हवेपासूनही झाकतो.

बाकी धागालेखकांच्या हिशोबात २० व्होल्ट बघून मला हसू आलं. त्वचेवरच्या पट्टीला २० व्होल्ट कोण लावू देणार आहे?

---

पातळथर

@निशिगंधा, २० व्होल्ट उदाहरणासाठी, छापील जाड डायलेक्ट्रिकची ती रीत आहे. डायलेक्ट्रिक पातळ करून ३ व्होल्टवर आणलं तरी कॉन्टॅक्टचा वाटा कमी होत नाही, उलट गेटमधून गळती हा नवा भिडू येतो.

@एल्बकाठची, टोला मान्य. पुढच्या वेळी रेणूवाल्यांना पंगतीत घेऊ.

---

भोसरीकर मेशवाला

वाकवण्याचं कोणी बोललंच नाही. नाव लवचीक आणि चर्चा सपाट टेबलावरची. आमच्याकडे टेल घडी घालताना तोंडाशीच चांदी तडकते.

---

ओहमकाका

बरोबर बोललात. हिशोब सोपा आहे: वरच्या पृष्ठभागावरचा ताण म्हणजे जाडी भागिले वाकवण्याच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची फिल्म ५ मिमी त्रिज्येत वाकवली तर १.२५ टक्के. ५० मायक्रॉनची घेतली तर अर्धा टक्का. आयटीओ एक-दोन टक्क्यांतच तडकतं. म्हणून पहिला उपाय फिल्म पातळ करणं. दुसरा, वरून तेवढ्याच जाडीचं आवरण लॅमिनेट करणं, म्हणजे सर्किट मधोमध येतं, जिथे ना ताण ना दाब. टोकियोच्या सोमेया गटाने २०१३ मध्ये साधारण एका मायक्रॉनच्या फिल्मवर सर्किट करून ती कागदाच्या बोळ्यासारखी चुरगाळून दाखवली, त्यामागे हेच गणित.

पण तडकण्याआधी सुटतं. धातू-सेंद्रिय सांध्याला रासायनिक बंध नसेल तर वाकवताना तो हळूहळू उचलला जातो, आणि कॉन्टॅक्ट रोध वाढलेला ट्रॅकच्या रोधात दिसत नाही. वाकवण्याच्या चाचणीत नुसता करंट छापतात. कॉन्टॅक्ट आणि चॅनेल वेगळे करून कोण दाखवतं?

---

एल्बकाठची

सौर पट्ट्यांमध्ये ते मोजलंय. डेन्मार्कच्या क्रेब्स गटाने स्टॅनफर्डच्या लोकांबरोबर रोलवर छापलेल्या पट्ट्यांचे थर सुटे करून बघितले तेव्हा सगळ्यात कच्चा सांधा पेडॉट आणि सक्रिय (उन्हातून वीज करणारा) थर यांच्यातला निघाला. नवल नाही. पेडॉट पाण्यातलं, खालचा थर तेलकट; सर्फॅक्टंट किंवा आयसोप्रोपॅनॉल घालून कसंबसं पसरवलेलं. त्यात पेडॉट ओलावा ओढतं आणि आम्लधर्मी असतं, आयटीओलाही खातं. म्हणून त्या गटाने आयटीओ काढूनच टाकलं आणि चांदीची जाळी, त्यावर पेडॉट, त्यावर झिंक ऑक्साइड अशी फिल्मच रोलवर छापली. कोकणातल्या जुलैत ही पट्टी आवरणाशिवाय ठेवली तर काय होईल ते सांगायला प्रयोग नको. ओएलईडीला दिवसाला दर चौ. मीटर एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग एवढीच वाफ चालते, खाऊच्या पाकिटाची फिल्म त्याच्या कितीतरी लाख पट गळकी.

---

नवशिकी

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं. आमच्या लॅबमध्ये स्क्रीन प्रिंटिंगचं हाताने चालवायचं यंत्र आहे, स्पिन कोटर आहे, सोर्स-मीटर आहे. ग्लोव्हबॉक्स नाही, इंकजेट नाही. सर नवा पॉलिमर मागवू या म्हणतायत. मी सुरुवात कुठून करू?

---

पातळथर

@नवशिकी, पॉलिमर नंतर. बाजारात सहज मिळणारा, चांगला अभ्यासलेला पी३एचटी हा पॉलिमर घे, मोबिलिटी कमी असू दे. चांदी छाप, अर्ध्या नमुन्यांवर थायॉल, अर्धे तसेच. चॅनेल १००, १५०, २००, ३०० आणि ४०० मायक्रॉन. दोन्ही गटांचा आलेख काढ. पी३एचटी हवेत ऑक्सिजनने आपोआप डोप होतो, म्हणून मोजायच्या आधी निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये थोडं तापव आणि दोन्ही गट एकाच दिवशी मोज.

एक धोका आधीच सांगतो. पी३एचटीचा चॅनेल मुळात रोधक आणि तुझे चॅनेल लांब, त्यामुळे कॉन्टॅक्टचा वाटा छोटा दिसेल. दोन गटांत फरकच दिसला नाही तर थायॉलला दोष देऊ नकोस. अंतर कमी करायला लागेल.

---

ओहमकाका

आणि चॅनेलची रुंदी लांबीच्या किमान दहापट ठेव, आणि अर्धवाहक चॅनेलपुरताच राहू दे, बाहेर पसरलेला कापसाच्या काडीने पुसून टाक. नाहीतर कडेने वाहणारा करंट हिशोबात घुसतो.

---

भोसरीकर मेशवाला

१०० मायक्रॉनचं अंतर हाताच्या यंत्रावर धड येणार नाही, शाई जोडली जाईल. पॉलिएस्टर मेशऐवजी बारीक स्टीलचा मेश लागेल, इमल्शन पातळ, आणि स्क्वीजी नवीन धारेची. आमच्याकडे एक स्टीलचा फ्रेम पडून आहे. फिल्म पॉझिटिव्ह पाठवा, मी एक्स्पोज करून शीट छापून देतो, आधी भाजलेल्या. थायॉल का काय ते तुमचं तुम्ही लावा, तो वास मला शॉपमध्ये नको.

---

नवशिकी

भोसरीकर काका, खरंच?? व्यक्तिगत निरोप पाठवलाय. डिझाइन रविवारपर्यंत पाठवते. सरांना पॉलिमरची ऑर्डर थांबवायला सांगितलं, ते म्हणाले आधी हा धागा त्यांना फॉरवर्ड कर.